कॅमेऱ्यात कोल्हा पहिल्या दोन रात्री येतो आणि मग नुसती शेपटी: तीन हिवाळ्यांचा घोळ

मंडळी, हा प्रॉब्लेम मला लागोपाठ तीन थंडीच्या मोसमांत आला. सड्यावर म्हणजे कातळाच्या पठारावर, काजूच्या बागायतीत किंवा कुळागराच्या (माड-सुपारीच्या बागेच्या) कडेला ज्यांनी ट्रॅप कॅमेरा, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावलाय त्यांतल्या बऱ्याच जणांना तो येत असणार, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो. लक्षण असं, कॅमेरा लावला की पहिल्या-दुसऱ्या रात्री कोल्हा मस्त येतो, लेन्सला नाक लावून बघतो, आपण खूश, घरातल्या सगळ्यांना फोटो दाखवून होतात. तिसऱ्या रात्रीपासून काही नाही. किंवा येतो पण फोटोत नुसती शेपटी, नाहीतर पाय वर करून दगडावर मुतणारा अर्धा कोल्हा, आणि मग आठवडाभर हलणारं गवत. आपण म्हणतो कॅमेरा बिघडला. मग सेल बदला, कार्ड बदला, सेटिंग बदला, कॅमेरा चार हात सरकवा, आणि दर खेपेला तिथे जाऊन आपणच जास्त बिघडवून येतो, हे मला कळायला तीन वर्षं लागली.

माझी बागायत गोव्यातल्या पेडणे तालुक्यात. वर कातळाचा सडा, मध्ये उतरणीवर काजू, खाली व्हाळ म्हणजे ओढा, आणि व्हाळापलीकडे खाजन, खाडीकाठची बांध घातलेली सखल शेतजमीन. कॅमेरा आणला तो कोंबड्यांपायी. रोज एक-एक जायला लागली तेव्हा शेजारचे आबा म्हणाले तारेची फासकी लाव बाबा, एका रात्रीत निकाल. मी नाही म्हटलं. एक तर फासकीत कोण अडकेल ते फासकी विचारत नाही, डुकरासाठी लावलेल्या तारेत बिबटे अडकल्याच्या बातम्या आपण वाचतोच. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकार म्हणजे नुसती गोळी घालणं नाही, फासे लावणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं हेसुद्धा त्याच व्याख्येत बसतं, नुसता प्रयत्न केला तरीसुद्धा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तर कोल्हा अनुसूची १ मध्ये गेलाय, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. कोंबड्यांचा प्रश्न खुराड्याला वेल्डमेशची जाळी मारून आणि ती वीतभर जमिनीत गाडून एका रविवारात सुटला. पण कॅमेऱ्याचं वेड लागलं ते लागलंच.

पुढे जायच्या आधी नावांचा गोंधळ काढून टाकू, कारण इंटरनेटवर शोधताना माझा निम्मा वेळ त्यात गेला. शाळेच्या पुस्तकातला द्राक्षं आंबट म्हणणारा कोल्हा हा युरोपातला तांबडा फॉक्स. आपल्या सड्यावर संध्याकाळी कुई करतो, ज्याला आपण कोंकणीत कोलो म्हणतो, तो जॅकल, सोनेरी कोल्हा, कुत्र्या-लांडग्याच्या जवळचा. आणि देशावर माळरानात असतं ते खोकड म्हणजे आपल्याकडचा खरा फॉक्स, लहानसं, शेपटीच्या टोकाला काळं. तुम्ही फॉक्स म्हणून काही शोधलंत की अमेरिका-कॅनडातल्या सापळेवाल्यांचं लिखाण सापडतं, हिवाळ्यात केसाळ कातड्यासाठी तांबडे फॉक्स धरणारे लोक. मला तो धंदा पटत नाही ते सोडा, पण एक मान्य करावं लागेल की प्राणी एखाद्या ठरावीक वीतभर जागेवर कसा येतो, का येतो, आणि एकदा येऊन परत का येत नाही, याचा जेवढा विचार त्या लोकांनी केलाय तेवढा आपण कॅमेरावाल्यांनी केलेला नाही. त्यांचं पोट त्याच्यावर. माझा गुंता सुटला तो त्यांचं वाचून, फक्त लोखंडाच्या जागी कॅमेरा धरून.

आधी मशीन बाजूला काढा, म्हणजे नंतर डोक्यात शंका राहत नाही. हे पटकन सांगतो. रिचार्जचे सेल १.२ व्होल्टचे असतात, साधे अल्कलाइन १.५ चे, त्यामुळे आठ सेलच्या कॅमेऱ्यात रिचार्जवाले घातले की काही कॅमेरे भरलेले सेलही अर्धे दाखवतात आणि रात्रीचा फ्लॅश मरगळतो. सेल काढल्यावर तारीख-वेळ पुसली गेली का बघा, मी एक पूर्ण डिसेंबर भलत्याच तारखेच्या फोटोंवर काढलाय, कुठला फोटो कुठल्या रात्रीचा ते आजतागायत कळलेलं नाही. कार्ड कॉम्प्युटरवर नाही तर कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. लेन्ससमोर कोळ्याने जाळं विणलं की रात्रीचे सगळे फोटो पांढरेफटक, कारण उजेड त्या धाग्यांवरून परत येतो. जवळच्या पानाचंही तेच. आणि हुमले म्हणजे मुंग्या, हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही, पण काजूच्या झाडाला कॅमेरा बांधला की तांबड्या हुमल्यांना तो घरच वाटतो, एकदा झाकण उघडलं तर सेलच्या खणात अंड्यांसकट संसार, हात भाजल्यासारखा झाला. झाडाऐवजी लाकडी खुंटी ठोका, सुटाल.

सेन्सर कसा चालतो ते मात्र समजून घ्या, कारण पुढचं त्याच्यावर आहे. तो उजेड किंवा नुसती हालचाल बघत नाही, तो उष्णतेतला फरक बघतो, समोरच्या पट्ट्यांमधून गरम काहीतरी आडवं सरकलं की तो जागा होतो. म्हणून कोल्हा कॅमेऱ्यासमोरून डावीकडून उजवीकडे गेला की फोटो नक्की, आणि सरळ कॅमेऱ्याकडे चालत आला किंवा सरळ लांब गेला की सेन्सर उशिरा उठतो, तोवर शेपटी. दुपारी कातळ प्राण्याच्या अंगाएवढाच तापतो तेव्हा तर सेन्सर जवळजवळ आंधळाच असतो, आणि मग वाऱ्याने तापलेलं गवत हललं की शंभर फोटो. थंडीतल्या रात्री उलट छान, जमीन गार आणि कोल्हा गरम. म्हणजे जानेवारीच्या रात्री फोटो येत नाही तेव्हा दोष सेन्सरला द्यायच्या आधी दोनदा विचार करावा.

आता मुख्य भानगड, वारा.

पहिल्या वर्षी मी कॅमेरा लावला तो असा. सड्यावरून खाली येणाऱ्या पायवाटेला एक चिऱ्याएवढा दगड आहे, त्याच्यावर कोल्ह्याची विष्ठा नेहमी दिसायची, त्या दगडाच्या पश्चिमेला मी खुंटी ठोकली, म्हणजे कॅमेरा पूर्वेला बघतोय, दगड मध्ये. फोटोत दगड सुंदर दिसत होता. कोल्हा मात्र नेहमी पाठमोरा. मला वाटायचं कॅमेरा बघून वळतो.

मग त्या सापळेवाल्यांचं वाचलं. त्यांचा एक ठरलेला प्रकार आहे, जमिनीत तिरकं भोक पाडायचं, जसं फॉक्स स्वतः उरलेलं खाणं पुरून ठेवायला पाडतो तसं, आत वासाचं काहीतरी, मागे दगड किंवा गवताचा जुडगा. आणि हे सगळं वारा बघून. फॉक्स वाऱ्याला आडवा फिरतो म्हणजे जास्तीत जास्त ठिकाणचे वास नाकाशी येतात, वास लागला की वळतो आणि वाऱ्याच्या तोंडावर, म्हणजे वास ज्या बाजूने येतो त्या दिशेला नाक करून, वाऱ्याखालच्या बाजूने भोकापर्यंत येतो. म्हणून भोकाचं तोंड वाऱ्याखाली ठेवतात, आणि मागच्या दगडामुळे प्राण्याला त्याच एका बाजूने यावं लागतं. त्यांच्याकडे हिवाळ्यात वारा बहुधा पश्चिमेचा, वायव्येचा. आपल्याकडे काय? शाळेत शिकलोय की, दिवसा खारे वारे समुद्राकडून, रात्री मतलई वारे जमिनीकडून. परीक्षेत दोन मार्कांना येणारी ही गोष्ट मी पंचवीस वर्षांनी वापरली. थंडीत आमच्या उतरणीवर संध्याकाळपर्यंत वारा पश्चिमेचा असतो, दिवेलागणीनंतर पडतो, आणि मग मध्यरात्रीपासून सकाळपर्यंत सड्यावरून, पूर्वेकडून, गार झुळूक खाली व्हाळाकडे उतरत राहते. काही दिसत नाही पण अगरबत्ती पेटवून धरा, धूर सरळ पश्चिमेला पळतो.

म्हणजे दगडाचा वास रात्री पश्चिमेला जातो, कोल्हा पश्चिमेकडून येतो, पूर्वेला तोंड करून. आणि माझा कॅमेरा पश्चिमेलाच. तो आधी कॅमेऱ्याच्या मागून येणार, खुंटीला वळसा घालून दगडाकडे जाणार, सरळ लांब जाणार, सेन्सर झोपलेला, उठतो तोवर शेपटी. तो कॅमेऱ्याला बघून वळत नव्हता, मीच त्याच्या पाठीमागे उभा होतो! वर ज्या खुंटीला माझे घामाचे हात, कॅमेऱ्याच्या पट्ट्याचं नवं प्लास्टिक आणि मच्छरांचं मलम लागलेलं, ती खुंटी मी बरोबर त्याच्या वाटेत ठेवलेली.

उपाय एकदम साधा. दगडाच्या दक्षिणेला खुंटी हलवली, कॅमेरा उत्तरेला बघतो. कोल्हा पश्चिमेकडून पूर्वेला जाताना आडवा जातो, सेन्सर वेळेवर उठतो, अख्खा कोल्हा बाजूने मिळतो. शिवाय थंडीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तो कॅमेऱ्याच्या पाठीशी राहतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळचे पांढरे फोटो बंद. उंची गुडघ्याएवढी, अंतर तीन मीटरच्या आसपास. तुमच्या जागेला वारा वेगळा असेल, व्हाळाच्या घळीत तर रात्री हवा पाण्याबरोबर खालीच वाहते असं मला दिसलंय, म्हणून कंपास बघून नाही तर रात्री दहा-अकराला एकदा जाऊन अगरबत्ती लावून बघा. घरच्यांनी विचारलं तर देवाला चाललो म्हणा.

एवढं करून शेपटीचा प्रश्न सुटला. पण दोन रात्री येऊन गायब होण्याचा नाही.

इथे मला माझी पहिल्या वर्षातली चूक कबूल करायला हवी. मी सुक्या बांगड्याची डोकी टाकत होतो. कायद्यात आमिष कुठे बसतं ते तेव्हा वाचलेलं नव्हतं, आणि वाचलेलं नसलं तरी डोकं वापरायला हवं होतं, कारण पहिल्या रात्री कोल्हा आला, दुसऱ्या रात्री वाड्यावरची चार कुत्री आली, तिसऱ्या रात्री रानडुकरांनी ती सगळी जागा नांगरून ठेवली, खुंटीसकट. पण कोल्हा यायचा का थांबला ते त्यातून कळलं नाही, कारण पुढच्या वर्षी काही न टाकताही तसंच झालं. दोन रात्री हुंगाहुंगी, मग दगडावर मुतून पुढे, आणि मग मुतणंही बंद.

याचं उत्तर मला कॅनडात सापडलं. सस्कॅचवानच्या प्रिन्स अल्बर्ट नॅशनल पार्कमध्ये जे. डेव्हिड हेन्री नावाच्या संशोधकाने तांबड्या फॉक्सचा पाठलाग करून करून त्यांच्या मुतण्याचा अभ्यास केला आणि १९७७ साली तो छापला. आपल्याला वाटतं मुतलं म्हणजे हद्द आखली. हद्द असतेच, पण त्याने बघितलं की फॉक्स खाणं संपलेल्या जागांवर, रिकाम्या झालेल्या खड्ड्यांवर, नुसता वास उरलेल्या हाडकांवर मुतून जातो, आणि पुढच्या वेळी अशा खुणेच्या जागी तो पटकन हुंगतो आणि निघतो, वेळ घालवत नाही. बिनखुणेच्या जागी मात्र जास्त वेळ शोधतो, उकरतो. म्हणजे ही त्याची वही आहे. इथे वास येतोय पण खायला काही नाही, बघून झालंय, पुढे चला. वाण्याच्या वहीत जमा-खर्च मिटवून आडवी रेघ मारतात तशी.

हे वाचलं आणि माझे सगळे जुने फोटो काढून बसलो. पहिली रात्र, बारा फोटो, नाक जमिनीला, कॅमेऱ्याला, खुंटीला. दुसरी रात्र, पाच फोटो, शेवटचा पाय वर. चौथी रात्र, एक फोटो, धावता. आबांना दाखवलं तर ते हसून म्हणाले, "अरे कोलो तो, ताका सगळें कळटा." त्यांनी एका वाक्यात सांगितलं ते मला कॅनडातून आणायला लागलं. जॅकल आणि फॉक्स वेगळे, फॉक्सचं सगळं जसंच्या तसं जॅकलला लागू होईल असं नाही, पण माझ्या फोटोंत जे होतं ते याच्याशी जुळत होतं. कॅमेरा ही त्याच्या वाटेवरची नवी वस्तू होती, त्याने ती तपासली, वहीत लिहिली, मिटवली. तो गायब झालेला नव्हताच. तो रोज जातच होता, फक्त माझ्या दगडापाशी थांबत नव्हता, दोन मीटर वरच्या अंगाने जात होता जिथे माझा सेन्सर पोचत नाही.

पण मग तोच कोल्हा दोन-चार आठवड्यांनी परत हुंगायला का येतो? आणि सापळेवाल्यांना याचा नेमका उलटा त्रास. त्यांचा फॉक्स परत परत येतो, रात्रीतून सापळ्याच्या बाजूने उकरतो, सापळा उलटा करून ठेवतो, कधी बरोबर त्याच्यावर हगून जातो. ते म्हणतात फॉक्स शहाणा. त्यातले जुने लोक म्हणतात की नाही, आपण गाढव. सापळा नीट बसलेला नाही, पायाखाली हलला, किंवा माती गोठून कडक झाली, किंवा लोखंडालाच वास राहिलाय, आणि आता फॉक्सला जमिनीखाली दोन वास येतात, एक भोकाचा आणि एक सापळ्याचा, तो दुसरा शोधायला उकरतो. म्हणून ते लोक सापळे झाडाच्या सालीबरोबर उकळतात, मेणात बुडवतात, रबरी हातमोजे घालतात, गोठू नये म्हणून घरून कोरडी माती पोत्यातून नेतात. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्न नाही, पेडण्यात पहाटे अठरा-एकोणीस डिग्रीला आपण कानटोपी घालतो, पण तत्त्व तेच. वही मिटलेल्या जागेत काही नवीन झालं की वही पुन्हा उघडते. कार्ड बदललं, खुंटी हलवली, गवत छाटलं, माझा ताजा वास, की त्या रात्री किंवा दुसऱ्या रात्री कोल्हा हजर. माझ्या नोंदी बघा, जवळजवळ प्रत्येक चांगला फोटो मी तिथे जाऊन आल्यानंतरच्या दोन रात्रींतला.

यावरून तुम्ही म्हणाल की मग रोज जा! मी तेही करून बघितलं. दोन आठवडे रोज सकाळी चहा-पाव झाला की वर. काय झालं, पहिले तीन-चार दिवस कोल्हा येत राहिला आणि मग माझं येणंच जुनं झालं, तेही वहीत गेलं. वर माझ्या रोजच्या वाटेने कुत्री यायला लागली, त्यांना माझा माग सापडला, आणि कुत्री आली की कोल्हा त्या उतरणीवर फिरकेना. माणसाच्या वासाला आपल्याकडचा कोल्हा घाबरतो असं मला वाटत नाही, तो रोज वाड्याच्या कडेने जातो, पोदेराची म्हणजे पाववाल्याची सायकल, गुरं, काजूचे कामगार सगळं हुंगलेलं असतं त्याने. हातमोजे वगैरे मी घालत नाही. पण जिथे माणूस कधी नसतो तिथे माणसाचा वास, आणि तोही साबण, मलम, सिगरेट असा मिसळून, हे त्याच्या लक्षात येतं एवढं नक्की.

कॅमेरा त्याला दिसतो-ऐकू येतो का, हाही प्रश्न पडेल. येतो. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वेगवेगळे ट्रॅप कॅमेरे तपासून दाखवलं की ते आवाज करतात, आपल्याला ऐकू न येणारासुद्धा, आणि त्यांचा इन्फ्रारेड उजेडही प्राण्यांना दिसू शकतो. स्वस्त कॅमेऱ्यात बहुतेक ८५० नॅनोमीटरचे दिवे असतात, ते अंधारात आपल्यालाही मंद तांबडे दिसतात, ९४० वाले जवळजवळ दिसत नाहीत पण त्यांचा पल्ला कमी. माझा ८५० वाला आहे. कोल्हा फोटोत सरळ लेन्सकडे बघतो ते त्यामुळेच. पण बघून पळाला असं माझ्याकडे दोनदाच झालंय, आणि दोन्ही वेळा कॅमेरा मी त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, वाटेच्या अगदी तोंडावर ठेवलेला. व्हिडिओ सोडून तीन फोटोंचा बर्स्ट ठेवला आणि मध्ये पंधरा सेकंदांची गॅप, की बॅटरीही टिकते आणि त्या बिचाऱ्याच्या तोंडावर वीस सेकंद दिवा मारणंही होत नाही.

तर तिसऱ्या वर्षी मी हिशेबच उलटा केला. कोल्ह्याला कॅमेऱ्याकडे आणायचं सोडलं, कॅमेरा त्याच्या वहीच्या पानांवर नेला. म्हणजे जिथे तो थांबायचं कारण माझं नाही, त्याचं आहे. हे कुठे? आमच्याकडे तीन जागा निघाल्या. एक, सड्यावरची दोन पायवाटा मिळतात ती जागा, तिथे एका उंचवट्यावर विष्ठेचा ढीगच असतो, जुन्यावर नवी. काडीने उकलून बघितली तर बोरांच्या बिया, उंदराचे केस, आणि खाली खाजनातून आणलेल्या कुर्ल्यांची कवचं, त्यावरून कळलं की हा गडी रात्री व्हाळ ओलांडून खाली जेवायला जातो. दोन, व्हाळावरचा आडवा पडलेला माड. पाण्यातून पाय ओले न करता जायची तेवढी एकच जागा, तिथून सगळेच जातात, उदमांजर, मुंगूस, साळिंदर, एकदा घोरपड. तीन, काजूच्या खालच्या बांधातली फट.

यातली कुठली चालू आहे ते शोधायला आधी कॅमेरा नका लावू. कातळावर आणि चिऱ्याच्या मातीवर पाऊल उमटत नाही, म्हणून मी मुरमाची बारीक माती चाळणीने चाळून, एक मीटरचं वर्तुळ, बोटभर जाड, पसरून ठेवतो आणि सकाळी बघतो. अमेरिकेत कोयोट मोजायला १९७० च्या दशकात असंच चाळलेल्या मातीचं वर्तुळ वापरायचे, मध्ये वासाचं काहीतरी ठेवून, आपण ते ठेवायचं नाही. आपल्या वनखात्याची माणसंसुद्धा वाघाच्या पावलांसाठी वाटेवर मातीचे पट्टे करतात. दंव पडलं की माती छान धरते, ठसा शिक्क्यासारखा उठतो, मात्र आठच्या आत जा, ऊन लागलं की कडा ढासळतात. कुत्रा की कोल्हा हा प्रश्न पडला तर पुढच्या पायाची मधली दोन बोटं बघा, कोल्ह्याच्या त्या दोन गाद्या मागच्या बाजूला जुळलेल्या असतात, कुत्र्याच्या सुट्या. एकूण ठसाही निमुळता, लहान, आणि चालताना एका रेषेत, वाड्यावरच्या कुत्र्यासारखा इकडे तिकडे भरकटलेला नसतो. तीन रात्री माती ठेवली आणि दोनदा पाऊल सापडलं की ती जागा पक्की, मग कॅमेरा.

आणि मग तिथे जाऊ नका. हे सगळ्यात कठीण, मला अजून जमत नाही. कमीत कमी तीन आठवडे. पहिल्या दोन रात्री तो कॅमेऱ्याची तपासणी करणार, त्याचे फोटो येतील, ते खरे फोटो नव्हेत असं समजा. नंतरचा आठवडा शांत जाईल, तेव्हाच आपला हात शिवशिवतो आणि आपण वर जातो आणि सगळं पहिल्यापासून सुरू. ते थांबवलं तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्याचं नेहमीचं वागणं दिसतं. मला उंचवट्यावर जोडी मिळाली, मादी आधी, नर मागून तिच्याच खुणेवर, आठ सेकंदांच्या अंतराने. आपल्याकडे त्यांचा मिलनाचा काळ फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला, त्याआधी थंडीत जोडी बरोबर फिरते, कुई वाढते, खुणा वाढतात. त्यामुळे डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा अशा जागांचा खरा मोसम आहे, आमिषबिमिष कशाला हवंय. कॅनडातल्या फॉक्सचं गणित वेगळं, तिकडे शरद ऋतूत नवी पिल्लं घर सोडून भटकतात आणि दिसेल त्यात नाक घालतात, म्हणून सापळेवाल्यांचे सुरुवातीचे आठवडे भरभराटीचे आणि हिवाळा सरता सरता हाताला लागतात ते मुरलेले.

बाकी फुटकळ. माणसांच्या वाटेवर कॅमेरा असेल तर तो थोडा वळवा, आमच्याकडे एका रात्री देवळात कालो होता, पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी नाटक बघून परतणारी अर्धी वाडी माझ्या कार्डात, एक काका घोंगडी पांघरून कॅमेऱ्यासमोरच थांबून काय करत होते ते मी कोणाला सांगितलेलं नाही. फोटो तिथल्या तिथे डिलीट. धालोच्या, म्हणजे बायकांच्या नाच-गाण्यांच्या, रात्रींत मांडावर गाणी चालू असतात तेव्हा वरच्या बाजूला कोल्हा येत नाही, पण खालच्या माडावरून जातो, वाट बदलतो एवढंच. अभयारण्याच्या हद्दीत किंवा सरकारी रानात कॅमेरा लावायचा असेल तर वनखात्याची परवानगी लागते, आपल्या बागायतीचं आपल्यापुरतं ठेवा. फोटो टाकताना वाटेची, बिळाची नेमकी जागा लिहू नका, फासकीवालेही मोबाईल वापरतात. आणि दिवसाढवळ्या लटपटत फिरणारा, माणसाला न बुजणारा कोल्हा दिसला तर फोटोच्या नादात जवळ जाऊ नका, वनखात्याला फोन करा.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही, लेन्सवरचं दंव. सिलिका जेलच्या पुड्या आत घातल्या, काचेवर पत्र्याची छपरी केली, तरी पहाटे पाच ते साडेसातचे फोटो दुधातून काढल्यासारखे येतात, आणि जोडी नेमकी त्याच वेळी माडावरून घरी परतते. गेल्या कार्डात सहा वाजून बावीस मिनिटांचा एक फोटो आहे, पांढऱ्या धुक्यात चार कान. काचेला कोणी काही लावून बघितलं असेल, वास नसलेलं, तर सांगा, मी पुढचं कार्ड बदलायला पौष संपल्यावरच वर जाणार आहे.